मॅडमची लिपस्टिक

मला गोगलगाई आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मी रोपवाटिकेत काम करते. संध्याकाळी टवटवीत ठेवून गेलेल्या रोपांची सकाळी चाळण झालेली ज्याने पाहिली आहे, त्याने मला प्राणिमात्रांवरच्या दयेबद्दल काही शिकवू नये. मी कुंड्या उचलते, खाली चिकटलेल्या गोगलगाई खुडते आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकते.

आणि माझ्याच सासूबाईंनी गोगलगाय पाळली होती. नशीब बघा.

सासूबाई म्हणजे साधं प्रकरण नव्हे. उभा जन्म ब्युटी पार्लर चालवलेली बाई. अजूनही नवा माणूस समोर आला की आधी भुवया बघतात, मग ओठ, आणि सगळ्यात शेवटी नाव विचारतात. सासरे गेल्यानंतर त्या त्यांच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या आणि तशाच राहणार असं त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं. गोगलगाय आली ती पालेभाजीच्या जुडीतून. पिवळा शंख, त्यावर तपकिरी पट्टे. मी असते तर खिडकीबाहेर भिरकावली असती. सासूबाईंनी तिला काचेची पेटी आणली, ओली माती घातली, वर जाळीचं झाकण बसवलं. रोज काकडीचे काप आणि शंख मजबूत राहावा म्हणून अंड्याच्या टरफलांची पूड. नाव ठेवलं ‘मॅडम’. पार्लरमध्ये येईल त्या बाईला मॅडम म्हणायची जिभेला सवय होती, ती सुटत नव्हती.

“मॅडम कालपासून जेवल्या नाहीत गं,” असा त्यांचा फोन यायचा.

“डाएटवर असतील,” मी म्हणायचे.

आमचे हे मात्र आईच्या बाबतीत अगदी लोणी. एरवी लिफ्टच्या मोटारीत हात घालणारा माणूस, दर रविवारी आईकडे जाऊन गोगलगायीची पेटी घासून द्यायचा, कारण आईंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. मला याचा कधीकधी राग यायचा. आमच्या घरची मोरी घासायला त्यांना कधी वेळ झाला नाही.

अशाच एका रविवारनंतर सोमवारी सकाळी आईंचा फोन आला. आवाज चढलेला.

“अगं, मॅडमची लिपस्टिक कुणी पुसली?”

मी दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवून होते. म्हटलं, “कुठल्या मॅडम?”

“माझी! गोगलगाय! तिची लिपस्टिक गेली. ही ती नाहीच. कुणीतरी बदलली.”

आता असं काही ऐकल्यावर कुणाला काय वाटेल? मी संध्याकाळी जाऊन पेटीत डोकावले. पिवळा शंख, तपकिरी पट्टे, काकडीवर बसलेली. “आई, हीच तर आहे,” मी म्हटलं. हे माझ्यामागे उभे होते. ते जाळीचं झाकण पुन्हा नीट बसवायला लागले.

ही गोष्ट तिथेच मिटली असती. पण ती माझ्या नणंदेच्या कानावर गेली. नणंद वाईट नाही, पण काळजी करणं हा तिचा जोडधंदा आहे. आई एकदा गॅसवर भाजी विसरली होती, एकदा नातवाला जावयाच्या नावाने हाक मारली होती, हे तिने मनात साठवून ठेवलं होतं. मी म्हटलं, अहो ताई, मी रोज पोरीला कुत्र्याच्या नावाने हाक मारते. पण तिला ते पटलं नाही. आणि खरं सांगायचं तर, लिपस्टिकपुढे माझंही तोंड बंद झालं. भाजी कुणाचीही करपते. गोगलगायीची लिपस्टिक कुणाची जात नाही.

आम्ही सगळे मिळून आईंना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते आणि फार सभ्य होते.

“गोगलगाय लिपस्टिक लावते का, आजी?” त्यांनी हळूच विचारलं.

“लावत नाही हो, तिला ती असतेच,” आई म्हणाल्या. “चॉकलेटी. गडद. माझ्याकडे हा शेड फार चालायचा, लग्नाच्या मेकअपला. ही जी आता पेटीत आहे ना, ती बिनलिपस्टिकची आहे. पांढरीफटक.”

डॉक्टरांनी मान हलवली. नंतर आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, की रोजच्या ओळखीची गोष्ट कुणीतरी बदलली आहे असं ठामपणे वाटणं, हे सुरुवातीचं लक्षण असू शकतं. नक्की काही सांगता येणार नाही, अजून तपासण्या करू. पण तोवर त्यांना एकटं ठेवू नका. नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, बिचारे, आईचं ऐकवत नाहीये त्यांना.

आमच्यापैकी एकानेही ती गोगलगाय उचलून उलटी करून पाहिली नव्हती.

त्यानंतर आई बदलल्या. बदलल्या म्हणजे गप्प झाल्या. ज्या बाईने माझ्या लग्नात माझ्या काजळावरून माझ्या सख्ख्या आईशी वाद घातला होता, ती बाई आता “तुम्ही म्हणता तर हीच असेल” म्हणायला लागली. पेटीकडे बघेनाशी झाली. काकडी मीच घालायचे, नाक मुरडत. नणंदेने गावाबाहेरचं एक केंद्र पाहून ठेवलं. म्हाताऱ्या माणसांची नीट देखभाल करतात, नर्स असते, पुढे हिरवळ आहे. मला वाटलं होतं आई आकाशपाताळ एक करतील. त्या फक्त म्हणाल्या, “आरसा आहे का खोलीत?” नणंद म्हणाली, आहे. पुढच्या शनिवारी जायचं ठरलं. मला ते फार लागलं. भांडणारी सासू मला चालते, मी तिला पुरून उरते. ही मुकाट्याने हो म्हणणारी म्हातारी माझ्या ओळखीची नव्हती.

त्याच आठवड्यात आमच्या रोपवाटिकेत दुसरीकडून रोपांचे ट्रे आले. असे ट्रे आले की मी आधी ते उलटेपालटे करून बघते, कारण पाहुण्यांबरोबर पाहुणे येतात. ट्रेच्या तळाला गोगलगाई होत्याच. पिवळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. एक जरा घट्ट चिकटली होती, म्हणून मी ती फिरवून काढली आणि ती माझ्या तळहातावर उलटी पडली.

शंखाच्या तोंडाला कड होती. गडद चॉकलेटी, चकचकीत, पेन्सिलीने आखून भरावी तशी.

मी बादलीत टाकायला उचललेला हात खाली घेतला. मग आमच्या जुन्या कुंड्यांखालून एक काढली. तोच पिवळा, तेच पट्टे. उलटी केली. कड दुधासारखी पांढरी. आणखी काढल्या. सकाळभर मी दुसरं काहीही केलं नाही. पिल्लांना कडच नव्हती, त्यांच्या शंखाची धार कागदासारखी पातळ. पण मोठ्या झालेल्या प्रत्येकीला कड होती. नव्या ट्रेमधल्या सगळ्यांची कड काळपट चॉकलेटी, आमच्याकडच्या सगळ्यांची पांढरी. टेबलावर त्यांच्या दोन रांगा लागल्या आणि त्या आपापल्या रांगा सोडून चालायला लागल्या.

“हे काय, लग्न जमवतेस का त्यांचं?” आमचे मालक म्हणाले.

“या वेगळ्या आहेत का हो?”

“मग! दोन जाती आहेत. वरून बघून भलेभले फसतात. ओठावरून ओळखायच्या. ही काळ्या ओठाची, ही पांढऱ्या ओठाची. एखादी काळ्यांतलीसुद्धा पांढरा ओठ घेऊन येते म्हणा, अगदी खात्रीच करायची तर कापून आतून बघावं लागतं. पण कोण बघतं?”

ओठ. ते सहज ओठ म्हणाले. मी त्या शब्दाला चिकटूनच उभी राहिले.

“आणि एकाच गोगलगायीचा ओठ काळ्याचा पांढरा होतो का?”

“छे. वाढ पूर्ण झाली की एकदा ओठ धरतो. मग मरेपर्यंत तोच.”

म्हणजे आईंची गोगलगाय खरंच बदलली होती. म्हणजे त्या बाईच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. तिने आपल्या धंद्यातल्या नजरेने ओठ पाहिले होते, आपल्या धंद्यातल्या शब्दात सांगितलं होतं, आणि आम्ही सगळे शहाणे तिला डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. आमच्याकडे सगळ्या पांढऱ्या ओठाच्या. आणि हे, जे मला न्यायला कधी म्हणजे कधी येत नाहीत, ते त्या रविवारी संध्याकाळी आले होते. मी कुलपं लावेपर्यंत मागच्या कुंड्यांपाशी गुडघ्यावर बसून काहीतरी शोधत होते. पाना पडला म्हणाले. रविवारी कसला पाना, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी हे घरी आले तेव्हा मी जेवणाच्या टेबलावर एक वाडगा ठेवला होता. त्यात दोन गोगलगाई, दोन्ही उलट्या.

“यातली आईंची कुठली?” मी विचारलं.

त्यांनी वाडग्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. बराच वेळ बूटसुद्धा काढले नाहीत.

“चपलेखाली आली,” ते म्हणाले. “पेटी धुवायला तिला फरशीवर ठेवली होती. मी वळलो आणि...”

“मग सांगायचं ना!”

“बाबा गेल्यावर आई पहिल्यांदा हसली ती त्या गोगलगायीमुळे. मला नाही सांगवलं गं. वाटलं, तशीच दुसरी आणू, काय कळतंय. पट्टे मोजून आणली मी, आणि पेटी वाळत होती म्हणून सांगून रात्री परत जाऊन आत ठेवली.”

“आणि डॉक्टरांकडे? तिथे काय तोंडाला कुलूप होतं?”

ते टेबलाच्या कडेवर नख घासत राहिले. “ही ती नाही, हे ती खरंच बोलत होती, मला माहीत होतं. पण लिपस्टिक म्हणाली ना. तेव्हा मला वाटलं, तेवढं तरी डोकं बिघडलं असणारच. मग आपण सांगून काय, न सांगून काय. उपचार तर करावेच लागतील.” मग हळू आवाजात म्हणाले, “मी स्वतःची समजूत घातली.”

मला त्यांचा इतका राग आला की वाडगा उचलून फेकावासा वाटला. कीवही आली, पण रागाच्या मागून, धापा टाकत. “उठा,” मी म्हटलं. “बूट पायात आहेतच.”

आईंच्या घरी पलंगावर बॅग उघडी होती. साड्या एका बाजूला, औषधं एका बाजूला. मी काही न बोलता काळ्या ओठाची गोगलगाय त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती दिव्याखाली धरली, चष्मा वर सरकवला, उलटी केली.

“ही मॅडम नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. मग आमच्याकडे बघायलाही घाबरत असल्यासारखं विचारलं, “पण शेड तोच आहे. आहे ना गं?”

“तोच आहे, आई. डोळ्यांना दिसतोय. सगळ्यांना दिसतोय.”

मग ह्यांनी सांगितलं. उभ्याउभ्या, मान खाली घालून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळं संपल्यावर आईंनी विचारलं, “तिला फार वेळ लागला का?”

“नाही. लगेच गेली.”

“बरं झालं.”

त्या पलंगाकडे गेल्या आणि बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवायला लागल्या. मी नणंदेला फोन लावायला बाहेर जाणार होते, पण पाय निघेना. मला वाटलं होतं आई ओरडतील. निदान एखादी साडी तरी आपटतील. त्या घडीवर घडी नीट बसवत होत्या.

“गोगलगाय मेली तर मेली,” त्या कपाटाकडे तोंड करूनच म्हणाल्या. “हातून होतं. पण मी रोज सकाळी उठल्या उठल्या आरशासमोर बसून तुम्हा सगळ्यांची नावं घेत होते रे. जावयाचं, नातवंडांचं, हिचं. पार्लरमधल्या पोरींचीसुद्धा. एखादं विसरले तर नाही ना, म्हणून.”

“आई,” हे म्हणाले.

“तुझं नाव पहिलं घ्यायचे,” आई म्हणाल्या. “ते आठवलं की मला धीर यायचा.”