स्लाइड वाळू नये म्हणून

गर्भनलिकेचे काप रंगवणं हे माझं काम. गर्भाशयात पोचायचं सोडून गर्भ नळीतच रुजला, तर बऱ्याचदा नळी कापून काढावी लागते. उशीर झाला तर ती फुटते आणि बाई रक्तस्रावानं जाऊ शकते. अशा नळ्या आमच्या प्रयोगशाळेत येतात. एरवी नळीचं अस्तर गर्भाला धरून ठेवत नाही, पुढे सरकवतं. या नळ्यांच्या पेशींवर मात्र चिकटून धरणारी प्रथिनं नको तिथे, नको तितकी असावीत, असा आमच्या मॅडमचा संशय. प्रथिन सापडलं की स्लाइडवर तपकिरी रंग चढतो.

दिवसभर हेच पाहून माणसाची नजर बिघडते. वहिनीला दिवस गेले आणि पोटात दुखलं, तेव्हा मी अख्खं घर हॉस्पिटलात पळवलं होतं. निघाला गॅस. त्यानंतर कुणी साधी ढेकर दिली तरी भाऊ विचारायचा, ऑपरेशन कधी? माझं हसं झालं ते झालं, पण मी कानाला खडा लावला. पुन्हा बोंब ठोकायची नाही.

त्या दुपारी बारकीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला सहावा आठवडा होता, पहिली सोनोग्राफी दोन दिवसांवर. माझ्यासमोर चोवीस स्लाइड्स मांडलेल्या, त्यातल्या निम्म्यांवर प्रथिन शोधणाऱ्या द्रवाचे थेंब पडलेले. हे थेंब अर्धा तास ठेवायचे आणि वेळेवर धुवायचे. मध्ये स्लाइड वाळली की महिन्याची मेहनत पाण्यात. बारकी म्हणाली, सकाळपासून एका बाजूला दुखतंय, आणि खांदा पण ठणकतोय, वाकडी झोपले असेन.

"अर्धा तास थांब," मी म्हणाले. "हातातलं काम संपलं की मी फोन करते."

उरलेल्या बारा स्लाइड्सवर थेंब टाकले. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. मी स्वतःला बजावत राहिले की खांदा माणसाचा आहे, दुखायचाच. घड्याळाकडे बघत बसले. उठले नाही. याची मला आजही किळस येते.

टायमर वाजला. स्लाइड्स धुतल्या आणि फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा शेजारणीनं उचलला. बारकी स्वयंपाकघरात कोसळली होती आणि ते तिला घेऊन निघाले होते.

मी एप्रनवरच हॉस्पिटल गाठलं. तोवर तिला आत नेलं होतं. नळी फुटली होती. आई बाकावर बसली होती; बारकीचा नवरा दुसऱ्या गावाहून निघाला होता. मला आईशेजारी बसवेना, उभंही राहवेना. दाराशी गेले की कुणीतरी मागे सारायचं. आई एकदाच म्हणाली, पोरीनं कुणाला सांगितलं तरी होतं का. मी एप्रनची बटणं काढायला लागले.

दोन तासांनी सर्जन बाहेर आले. ती वाचली होती. नळी गेली होती.

संध्याकाळी तिला शुद्ध आली. आईला पाच मिनिटं आत सोडलं. बाहेर आली ती माझे दोन्ही हात धरून रडायला लागली. म्हणाली, तुझ्यामुळे वाचली ग. मला काही उमजेना. मी आत गेले.

बारकीचे ओठ कोरडे पडले होते. "आईला मी सांगितलंय," ती हळू म्हणाली, "ताईनं फोनवरच हॉस्पिटल गाठ म्हणून सांगितलं, मीच आळस केला. तू आता वेगळं काही बोलू नकोस."

मी तिचा हात हातात घेतला आणि मान हलवली. मला रडू आवरेना.

"एकच सांग. मी खांदा म्हणाले, तेव्हा तुला कळलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. तिनं नुकतंच माझ्यासाठी खोटं बोलून दाखवलं होतं.

"हो," मी म्हणाले.

तिनं हात सोडवून घेतला नाही. फक्त तोंड भिंतीकडे वळवलं.