काल्याचा घास

एरवी टाळाचा पहिला ठोका पडला, की मनकर्णाबाई सगळं विसरायची. चुलीवर काय उतू चाललंय, गोठ्यात कोण हंबरतंय, काही म्हणता काही भान राहायचं नाही. मधल्या वेळात कुणी कपभर सायीचा चहा आणून दिला, की मग तिला वैकुंठ वेगळं नकोच. पण आज उंद्रीच्या मंदिरापुढच्या मांडवात सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगलेलं, मृदंग घुमतोय, बाया माना डोलावताहेत, आणि हिचा जीव मात्र खांबाशेजारच्या खुर्चीवर पसरलेल्या एका पायात अडकलेला. पायाला प्लास्टर होतं. पाय तिच्या लेकीचा होता.

छकुली दहावीतली. लांब पल्ल्याची धावणारी. सूर्य उगवायच्या आत चिखली रोडनं सुटायची ती वाऱ्यासारखी. गेल्या साली राज्याच्या संघाची निवड थोडक्यात हुकली, तेव्हा मनकर्णाबाईनं तिला शेगावला नेलं आणि महाराजांच्या समाधीपुढं हात जोडून नवस बोलली, ‘पोरगी संघात जाईस्तोवर तिच्या तोंडाले गोरस लागनार नाही.’

नवसात आवडीची वस्तू सोडावी लागते. छकुलीची आवड म्हणजे दही. दह्यावाचून तिचा घास उतरायचा नाही. पण पोरगी गुणाची. “मले चालते,” म्हणाली आणि दही, ताक, दूध, तूप सगळं सोडून भाकरीवर ठेचा घेऊन पळू लागली. गोठ्यात दुभती म्हैस, कॅन भरभरून दूध डेअरीवर जायचं, आणि घरातली धावणारी पोर ताटावर कोरडी.

पावसाळा सरता सरता नडगी दुखायला लागली. मनकर्णाबाईनं तेल चोळलं, हळद बांधली. “पळनाऱ्याले एवढं तं दुखतेच,” म्हणाली. शाळेतले प्रसेनजित सर घरी येऊन गेले, “काकू, हिला थांबवा, दवाखान्यात न्या.” थांबवणार कशी? यंदाची निवड तोंडावर आली होती, आणि निवडीला नवस बांधलेला. शेवटी एका सकाळी पोरगी रस्त्यातच बसली. उठता येईना.

खामगावच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडावर धरला. हाडाला केसासारखी बारीक चीर.

“दूध, दही खाते का?” त्यांनी विचारलं.

छकुली फरशीकडे बघत राहिली. रामराव, तिचा बाप, सरळ माणूस. तो बोलून गेला, “साहेब, नवस हाय.”

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. “नवसाचं मी काही बोलत नाही. पण हेच वय हाडं भरायचं आहे. पळणं एवढं, आणि हाडाला लागतं ते पोटात नाही. सगळं त्यामुळंच झालं असं नाही, सरावही जास्त झालाय. दूधच पाहिजे असंही नाही. तीळ आहे, नाचणी आहे. पण घरी म्हैस आहे ना तुमच्या?”

परतताना एस.टी.त रामराव खिडकीबाहेर बघत म्हणाला, “साऱ्या गावाले दूध पुरवतो आपन. अन् पोरीचं हाड उपाशी.”

तेव्हापासून मनकर्णाबाईला बसवेना की उठवेना. दळण दळता दळता ती मध्येच गोठ्यात जायची, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची, परत यायची. यंदा निवड गेली. म्हणजे नवस फिटत नाही. नवस फिटत नाही म्हणजे दही नाही. दही नाही तर हाड कसं भरणार, आणि हाड नाही तर निवड कुठून? हा फेरा डोक्यात गरगरायचा. दह्याचं भांडं तिनं दोनदा शिंक्यावरून काढलं आणि दोनदा परत ठेवलं. शेजारच्या सत्यभामाबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मोडू नको बाई. त्याच पायावर येईन ते.” झालं! उरलीसुरली झोपही गेली.

आता व्यासपीठावर बुवा रानातल्या जेवणाची गोष्ट सांगत होते. यमुनेचा काठ, गाई चरताहेत, आणि देवानं सवंगड्यांना शिदोऱ्या सोडायला सांगितलं. “बोबडा पेंद्या बसला, वाकडा सुदामा बसला! कुणाची शिळी भाकर, कुणाचं लोणचं. पण माय हो, ज्यानं त्यानं आपापलीच शिदोरी सोडली बरं! दुसऱ्याची सोडून देवापुढं कोनी नाही ठेवली!”

मांडव हसला. मनकर्णाबाईला हसू आलं नाही. कुणी पदर ओढावा तशी ती दचकली.

मग गजर झाला, हंडी फुटली, पोरं लाह्यांवर तुटून पडली. काला वाटायला सत्यभामाबाई उठल्या. रांगेनं ओंजळी भरत आल्या आणि हाताच्या सवयीनं छकुलीच्याही ओंजळीत दह्यानं भिजलेल्या लाह्या घातल्या.

“अगं माय! हिचं तं बंद हाय!”

आजूबाजूच्या बाया वळल्या. प्रसाद एकदा हातात पडला, तो परत पातेल्यात जात नाही. भुईवर टाकावा तर त्याहून वाईट. आणि खावा तर नवस. छकुली ओंजळ छातीशी धरून बसली. बोटांच्या फटीतून दह्याचं पाणी प्लास्टरवर टपटपू लागलं.

“आई, काय करू वो? गळून राह्यलं.”

मनकर्णाबाई उठली. बायांच्या मांड्यांवरून, पोरांच्या डोक्यांवरून वाट काढत खांबापाशी पोचली. लेकीच्या ओंजळीतून तिनं एक घास उचलला, कपाळाला लावला.

“खाय.”

“अन् नवस?”

“बोलली मी अन् सोडलं तुह्या ताटातलं. नवस माहा हाय, मी पाहून घेईन. आ कर.”

छकुलीनं तोंड उघडलं. पहिला घास तिनं चावलाही नाही, नुसता जिभेवर धरून ठेवला. मग तिनं आपल्या ओंजळीतला घास आईपुढं धरला. काल्यात एकमेकांना भरवायचीच रीत. पण मनकर्णाबाईनं मान हलवली.

“मले नको आता. तू संघात जाईस्तोवर माहं बंद.”

“चहासुद्धा?” सत्यभामाबाई किंचाळल्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामरावनं बिनदुधाचा चहा बायकोपुढं ठेवला. तिनं घोट घेतला आणि एरंडेल प्यावं तसं तोंड केलं.

“अजून देऊ का कपभर?” तो मिशीत हसत म्हणाला.

“गप बसा हो!”

डोकं ठणकत होतं. महाराजांनी हा बदल मान्य केला की नाही, हे सांगणार कोण? ती पुन्हा पुन्हा लेकीच्या पायाकडे बघत होती, जणू प्लास्टरच्या आत उत्तर लिहिलेलं असावं. छकुली दह्याची वाटी बोटानं पुसून घेत होती.

“अन् आई, पुढच्या सालीही नाही निवडली तं?”

मनकर्णाबाईनं कप उचलला, परत खाली ठेवला, परत उचलला.

“तं काळाच पेतो. वाटी आन इकडं, अजून देतो.”