अकरा चुका

"मॅडम, 'उपबंध' आणि 'अनुबंध', दोन्हीला एकच खूण कशी?" उन्नतीने पुस्तक पुढे सरकवलं. "शॉर्टहँडच्या परीक्षेत मला माझंच लिहिलेलं वाचता नाही आलं. कुठे उपबंध, कुठे अनुबंध, काही समजेच ना."

कुसुमताईंनी पुस्तक हातात घेतलं. मुखपृष्ठावर सिटी सेंटरमधल्या एका कोचिंग क्लासचं नाव होतं, खाली 'संकलन : समरजीत सर'. आतली प्रत्येक रेघ मात्र कुसुमताईंच्या हातची होती.

तीस वर्षं त्यांनी कोर्टात हिंदी शॉर्टहँड लिहिलं होतं. निवृत्त झाल्यावर दाना ओलीच्या जुन्या गल्लीतल्या दोन खोल्यांत बसून कायद्यातल्या तीन हजार शब्दांच्या खुणा हाताने काढल्या, स्कॅन केल्या आणि पीडीएफ ऑनलाइन विकायला ठेवली. महिन्याभरात ती टेलिग्रामवर फुकट फिरायला लागली. त्यांनी पासवर्ड घातला. पीडीएफबरोबर पासवर्डही फिरला. मग पानापानावर घेणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर फिकट अक्षरांत टाकला. कुणीतरी तो पुसला आणि समरजीतच्या कोचिंगमध्ये छापील पुस्तकच मिळायला लागलं.

"खुणा सगळ्यांच्या सारख्याच असतात, कुसुमताई," वकील रघुनाथराव म्हणाले होते. "तो म्हणेल, माझ्याच आहेत. तुमच्या आहेत हे दाखवणार कसं?"

तेव्हा त्यांनी नवी आवृत्ती काढली आणि तिच्यात जाणूनबुजून अकरा चुका पेरल्या. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला शुद्धिपत्र वेगळं, फोनवर पाठवलं. चार महिन्यांनी समरजीतची नवी आवृत्ती आली. अकराच्या अकरा चुका जिथल्या तिथे! त्या दिवशी कुसुमताईंनी शिरा केला. रघुनाथरावांनी दोनदा मागून खाल्ला, समरजीतवर तक्रार दाखल करतो म्हणाले आणि बजावलं, "सुनावणीपर्यंत या चुकांबद्दल कुणाजवळ बोलायचं नाही. त्याला सुगावा लागला की सगळ्या प्रती बदलून टाकेल."

आता त्यातलीच एक चूक समोर बसली होती. त्या चुकीत सापडलेली उन्नती, मोरार भागातली मुलगी, वडील बँकेत गार्ड.

"कितीने राहिलं तुझं?"

"लिमिटपेक्षा चार गलतियां जास्त झाल्या. आणि या दोन शब्दांच्याच सहा होत्या."

"सरांना विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. म्हणाले, किताब गलत नहीं हो सकती, तुम्हारी प्रैक्टिस कम है. म्हणून रोज चार घंटे बसायची. मग कोर्टातले एक स्टेनो काका म्हणाले, दाना ओलीत जा, कुसुमताईंना दाखव."

"पुढची भरती कधी आहे?"

"पता नहीं. बाबा म्हणतात, आता लग्नाचं बघू."

कुसुमताईंचा आवाज नको तितका कडक निघाला. "हे पुस्तक माझं आहे. चोरलेलं आहे."

"मला काय माहीत, मॅडम? मी तर फीस भरूनच घेतलं."

कुसुमताईंनी 'उपबंध'च्या खुणेवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, "ही चूक मीच घातली आहे."

"म्हणजे? जानबूझकर?"

"चोर पकडायला."

उन्नती ओरडली असती तर बरं झालं असतं. "पर वो तो पकड़ा नहीं गया," ती हळूच म्हणाली. "फँसी तो मैं."

मग पुस्तक जवळ ओढून तिने विचारलं, "बाकी तर सगळं बरोबर आहे ना?"

रघुनाथरावांचं बोलणं कुसुमताईंना शब्द न् शब्द आठवत होतं. त्यांनी पेन्सिल उचलली.

"पान बावीस काढ."

अकराव्या खुणेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. प्रत्येक चुकीवर काट मारून शेजारी बरोबर खूण काढून दिली. उन्नतीने मोबाइल पानांवर धरला आणि अडखळली. "ग्रुपवर टाकू? बॅचमध्ये सत्तर जण आहेत. सगळ्यांजवळ हेच आहे."

"टाक."

संध्याकाळी रघुनाथरावांचा फोन आला. "तुमच्या खुणांचा तो मेसेज माझ्यापर्यंत आला. काय केलंत हे? आता राहिलं काय आपल्या हातात?"

सुनावणीला समरजीतच्या वकिलाने तो ग्रुपवरचा मेसेज पुढे केला. आमच्या विद्यार्थ्यांनी छपाईच्या चुका शोधल्या, सरांनी लगेच सुधारल्या, असं तो म्हणाला. या चुका आता सगळ्यांना माहीत आहेत, मागाहून त्या कुणीही आपल्या पीडीएफमध्ये घालू शकतं, असंही म्हणाला. त्याच्या हातात नवं कोरं पुस्तक होतं. कुसुमताईंची तक्रार त्याच दिवशी फेटाळली गेली.

उन्नती पुन्हा आली नाही. तिला दोनदा फोन लावला, तो बंद होता.

पुढच्या आठवड्यात कुसुमताई सिटी सेंटरला गेल्या आणि कोचिंगच्या खिडकीवर पैसे देऊन पुस्तक घेऊन आल्या. 'शुद्ध आवृत्ती, समरजीत सर', वर लाल अक्षरांत लिहिलं होतं. चष्मा पुसून, हातात पेन्सिल घेऊन त्या पहिल्या पानापासून तपासायला बसल्या. शेवटच्या पानापर्यंत एकही चूक सापडली नाही.