जायफळाच्या बागेतला कोळी

चिलटं पाळणं हे माझं काम. हसायचं असेल तर हसून घ्या. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी चोवीस वर्षं मदतनीस आहे. सडक्या केळ्यावर चिलटं वाढवून ती कोळ्यांना खाऊ घालणं मला जमतं तसं इथल्या एकाही डॉक्टरेटवाल्याला जमत नाही.

जसीला आमची संशोधक विद्यार्थिनी, मलप्पुरमची. जीभ तिखट, पण हात असा हलका की मुगाएवढ्या कोळ्याचा पाय तुटायचा नाही. दोन वर्षांपूर्वी जायफळाच्या बागेत मिरवेलीवर तिला एक उड्या मारणारा कोळी सापडला. नर. कपाळावर पांढरी पट्टी, पाठ नारिंगी. नराच्या तोंडापाशी दोन आखूड मुठी असतात आणि जात ओळखायची ती त्या मुठींवरून. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रं काढली, आजवर छापलेल्या सगळ्या चित्रांशी ताडून पाहिली. कशाशीच जुळेनात. म्हणजे नवी जात.

नाव ठरलेलंच होतं, सैनाबे. तिच्या उम्माचं, म्हणजे आईचं, नाव सैनाबा; शास्त्रीय नावात त्याचं सैनाबे होतं. ती बाई घरातलं कोळ्याचं जाळं कुणाला झाडू द्यायची नाही. शत्रू मागावर होते म्हणून नबी, म्हणजे पैगंबर, गुहेत लपले तेव्हा कोळ्यानं दारात जाळं विणून त्यांना वाचवलं, म्हणायची.

"पण हा मेला जाळं कुठे विणतो?" मी एकदा चिडवलं. ती मला चेची म्हणते, म्हणजे ताई.

"ते उम्माला कुठे ठाऊक होतं, चेची? तिनं सरसकट सगळ्यांना अभय दिलं होतं."

उम्मा गेली तेव्हा जसीला डोंगरात नमुने गोळा करत होती. घरी पोचेपर्यंत दफन उरकलं होतं. त्यानंतर या पोरीनं त्या एका नावासाठी जिवाचं रान केलं. नव्या जातीवरचा तिचा लेख मंजूर झाला, छापण्याआधी तपासायला परत आला. शुक्रवारी पाठवला की झालं.

आणि सोमवारी, कोळी वाढवायच्या माझ्या एका काचनळीत घोळ झाला.

त्याच बागेतून तिनं अंड्यांच्या पुरचुंडीसकट एक मादी आणली होती. करडी, साधी. "ही औसेफ सरांची," म्हणाली, "हिच्यात नवं काही नाही." औसेफ सर आमचे निवृत्त प्राध्यापक. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी या मादीचं वर्णन छापलं आणि तिला बायकोचं नाव दिलं, थ्रेसिये. नर त्यांना कधीच मिळाला नाही. या कोळ्यांत नवराबायको इतके वेगळे दिसतात, की दोघं एकत्र सापडल्याशिवाय जोडी लावायची कुणाची छाती होत नाही. थ्रेसिया टीचर वारल्या तरी सर रोज दहाला येतात, बिनदुधाचा चहा घेतात आणि विचारतात, "ओमने, आमच्या थ्रेसियाचा नवरा सापडला का?"

"नवरा इथे बसून चहा ढोसतोय," मी म्हणते.

तर त्या मादीची पिल्लं मी उगाच हौसेनं वाढवली. एकोणीस निघाली, भावंडांनीच भावंडं खाल्ली, उरली तीन. दोन करड्या माद्या निघाल्या. तिसऱ्यानं सोमवारी शेवटची कात टाकली. कपाळावर पांढरी पट्टी, पाठ नारिंगी.

थ्रेसियेच्या अंड्यातून जसीलाचा नर निघाला, म्हणजे सैनाबे नावाची वेगळी जातच नाही. अशा वेळी जुनं नाव राहतं आणि नवं पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी ती नळी कपाटात स्पिरिटच्या बाटल्यांमागे सरकवली. कापसाचा बोळा काढून खिडकीबाहेर झटकली असती तर कोण विचारणार होतं? तीन दिवस मी त्याला चोरून चिलटं घातली आणि तीन दिवस मला घास गोड लागला नाही.

गुरुवारी जसीला कागद घेऊन आली. "चेची, बघ ना, उम्माचं नाव छापलेलं कसं दिसतं."

मग मात्र माझ्याच्यानं राहवेना. मी नळी काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"नळ्यांची सरमिसळ केली असशील," ती म्हणाली. "तुझं लक्ष कुठे असतं?"

"चोवीस वर्षांत एक बोळा इकडचा तिकडे झालेला नाही माझ्याकडून. तोंड सांभाळून बोल."

ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. दोन्ही नरांच्या मुठी शेजारी शेजारी ठेवून तासभर पाहत राहिली. मान वर केली तेव्हा चेहरा पार उतरला होता.

"एकच आहेत," म्हणाली.

औसेफ सर दारात उभे होते. किती वेळ, देव जाणे.

"जसीला, लेख जाऊ दे," ते म्हणाले. "एकतीस वर्षं माझ्या मादीचं नराविना कुठे अडलं? पुढे कुणाला कळेल तेव्हा कळेल. तोवर मी नसेन."

खोटं कशाला बोलू, मीही मान हलवली. पोरीनं दिलेलं नाव राहावं, एवढंच मला हवं होतं.

"जी जात नाहीच, तिला उम्माचं नाव देऊ, सर?" जसीला म्हणाली. "लहानपणी एक थाप मारली, तर संध्याकाळपर्यंत जेवायला वाढलं नव्हतं तिनं मला."



सरांना आता सूक्ष्मदर्शकातून धड दिसत नाही. म्हणून तिनंच त्यांना शेजारी बसवून सगळं सांगितलं. पट्टी किती रुंद, नारिंगी कुठवर, मुठीचं टोक कुठे वळतं. सर डोळे मिटून ऐकत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

लेख मागे घेतल्याचं तिनं संपादकांना कळवलं. मग तोच लेख उघडून वर नवं शीर्षक टाकलं, थ्रेसियेच्या नराचं पहिलं वर्णन. आत सैनाबे हे नाव त्रेचाळीस ठिकाणी होतं. ती सगळी एका झटक्यात बदलता येतात, एवढं मलाही ठाऊक आहे. तिनं तसं केलं नाही. दर वेळी थांबून तिनं ते नाव वाचलं, मग खोडलं. मी शेवटपर्यंत शेजारी बसून होते.