चौथं शील

विहारात पंचशील माझ्या सासूबाई, चंदाबाई, सांगतात. त्या पुढे, आम्ही सगळे मागून. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. त्या रविवारी चौथं झालं आणि सासूबाई खोकत बसल्या. पाचवं भीमरावकाकांनी पूर्ण केलं. "दमा वाढलाय बिचारीचा," बायका हळहळल्या. मला ते पटलं नाही. लंडनजवळ हाउन्सलोत मी फार्मसिस्ट आहे. बारा वर्षं काउंटरवर उभी राहून खरा खोकला कोणता आणि आणलेला कोणता, एवढं तर कळतंच.

सोमवारी दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांचं नाव घातलं. घरच्यांचं असं बघू नये, पण बघितलं. दम्याचा रोज घ्यायचा तपकिरी पंप त्यांनी फेब्रुवारीपासून नेलेलाच नव्हता.

संध्याकाळी मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. थोडे आढेवेढे घेऊन त्यांनी सांगून टाकलं. शेजारच्या मॉरीनला पाठदुखीसाठी खासगी क्लिनिकमधून गांजा मिळतो. अगदी कायदेशीर, तिच्या नावाचं लेबल लावलेल्या डबीत. त्याचीच वाफ ओढायला ती सासूबाईंना कुंपणावरून द्यायची.

"माझ्या बापाला दम लागला की वैदू हेच द्यायचा. दोन झुरके घेतले की छाती मोकळी होते बघ. तुझ्या त्या पंपानं नुसतं तोंड येतं."

"घटकाभर मोकळी होते, आई! आतली सूज तशीच राहते. दम्याला इथं कुणी स्पेशालिस्ट हे लिहून देत नाही. आणि डबीवर नाव मॉरीनचं आहे, तुम्ही ओढलंत तर तो गुन्हा."

"विक्रांतला सांगू नकोस गं. मतदान होऊ दे."

विक्रांत माझा नवरा. कौन्सिलच्या निवडणुकीला उभा होता. 'आपल्या गल्ल्या गांजामुक्त करू' असं त्याच्या लीफलेटवर ठळक छापलेलं, आणि त्यांचे गठ्ठे आमच्याच हॉलमध्ये. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला हसू आलं नाही, भीती वाटली. मतदान गुरुवारी होतं. मी नवा पंप आणून दिला, रोज घ्यायचं वचन घेतलं आणि गप्प बसले. तीन दिवसांचा तर प्रश्न होता.

गुरुवारी सकाळी विक्रांत कोटाला पक्षाची फीत लावत होता, त्याचा एजंट यतीन याद्या चाळत होता. तेवढ्यात मागचं दार उघडलं. सासूबाई चौकट धरून उभ्या होत्या. सपातांना बागेतला चिखल, ओठ निळसर, श्वासाला शिट्टी. शब्द फुटत नव्हता. मी त्यांना खुर्चीत बसवून तातडीचा निळा पंप दहा वेळा दिला. काही फरक पडेना. अँब्युलन्स येईपर्यंतची आठ मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

पॅरामेडिक मुलीनं मास्क चढवला आणि विचारलं, "आज यांनी काही ओढलंय? काही वेगळं घेतलंय?"

त्यांच्या शालीला वास येत होता. मला आला तसा विक्रांतलाही आला. ह्याच वासाविरुद्ध तो तीन महिने दारोदार फिरला होता. त्यानं यतीनकडे बघितलं.

"नो," तो म्हणाला. "आमच्या घरात तसलं काही चालत नाही."

मी तोंड उघडलं. हॉलमधले गठ्ठे दिसले आणि मिटलं. लाज वाटते सांगायला, पण मिटलं.

सासूबाईंनी मास्क खाली ओढला.

"विक्रांत... पाचवं मी मोडलं." एकेका शब्दाला त्या हवा शोधत होत्या. "चौथं... तू मोडू नको."

 विक्रांत आईपाशी गुडघ्यांवर बसला, तिचा मास्क नीट केला आणि मोठ्यानं म्हणाला, "कॅनबिस. शी स्मोक्ड कॅनबिस." यतीन याद्या तिथंच टाकून बाहेर गेला. पॅरामेडिकनं मान हलवली आणि औषध शिरेत सोडलं. तिला निवडणुकीशी काय देणंघेणं!

अँब्युलन्समध्ये हळूहळू शिट्टी कमी झाली, ओठांवर रंग आला. विक्रांतनं आईचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"रोजचा पंप कधीपासून बंद होता?" पॅरामेडिकनं मला विचारलं.

"फेब्रुवारीपासून."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

सासूबाई मास्कमागून माझ्याकडे बघत होत्या.

"सोमवारी," मी म्हणाले.

विक्रांतनं मान वर केली.