धोंडा खाणारं झाड

लेक माधवी पाळण्यात होती तेव्हा बुद्धपौर्णिमेला मालनबाईनं पिंपळाचं रोप लावलं, तेही घरामागच्या धोंड्याच्या चिरेत. टेकडीवरच्या वस्तीत माती कुठली? बेगम बाजारात मसाल्यासाठी विकतात त्या दगडफुलाच्या जातीचं काहीतरी धोंड्यावर चढलेलं. त्यानं खाऊन केलेला भुगा चिरेत साठलेला. तीच माती.

तिचा नवरा दौलत तेव्हापासून चिडून. मुळं भिंत पाडतील म्हणत कितीदा कोयता घेऊन चढला. मालनबाई आडवी व्हायची. बोधिवृक्षाला हात लावाल तर माझ्या हातची भाकर विसरा, एवढंच बोलायची.

मग देशाची दारं उघडली. कंपन्यांच्या साहेबांना बंगले हवे झाले आणि माणूस जन्मायच्या आधीपासून बसलेले धोंडे अडचण ठरले. शेजारची जागा एका बिल्डरनं घेतली. धोंडा त्याच्या हद्दीत. सोमवारी सुरुंग लावणार होते. दौलतनं उभ्या नोकरीची कमाई घालून बांधलेलं दगडमातीचं घर त्या हादऱ्यात राहणार नव्हतं. तो विनवायला गेला तर कुणी बस म्हणालं नाही. तडा गेला तर सिमेंट देऊ, म्हणाले. माणसाचं घर म्हणजे यांना फुटका माठ.

रविवारी तो धोंड्यावर चढला. नखानं दगडफूल खरवडलं तर खालचा दगडही पापुद्र्यासारखा निघाला. कॉलेजात शिकणारी माधवी सांगायची, हे आंबट रस सोडून दगडाची वीण उसवतं, मग मूळ आत घुसतं. मांडीएवढ्या मुळाशेजारच्या फटीत त्याचा हात खांद्यापर्यंत गेला.

सोमवारी सकाळी त्यानं बिल्डरच्या मेस्त्रीला धोंड्यावर ओढत आणलं.

"सुरुंग कशाला? आधी पहारी लावून बघा."

मेस्त्री हसला. "झाड के भरोसे पत्थर फूटता क्या, चाचा?"

"हात घाल."

मेस्त्रीनं घातला. त्याचं हसू गेलं. "हौ," तो म्हणाला, "अंदर से खल्लास है."

धोंडा पहारींनीच उकलला, तुकडे पलीकडं लोटले. सुरुंगाच्या दारूचा खर्च वाचला म्हणून बिल्डरनं मिशीला पीळ दिला. दौलतच्या भिंतीला केसाएवढाही तडा गेला नाही. पिंपळ मात्र धोंड्याबरोबर आडवा झाला.

संध्याकाळी दौलतनं तांब्या भरला आणि उघड्या पडलेल्या मुळावर सावकाश पाणी ओतलं. त्याचे डोळे वाहत होते.

"आता पाणी घालून काय व्हायचंय?" मालनबाई म्हणाली.

"काही नाही व्हायचं. आयुष्यभर दगड खाल्लाय त्यानं आपल्यासाठी. तहान तर लागली असेल."