सारख्या वजनाची चांदी

बापूसो मगदूम पोरगा आणि पोरगी यांच्यात फरक करत नसत, आणि ही गोष्ट गल्लीत कुणाला माहीत नसलीच तर ते स्वतः थांबून सांगत. दर दिवाळी पाडव्याला ते गुजरीत, सराफांच्या पेठेत जात आणि दोन्ही पोरांच्या नावानं सारख्याच वजनाची चांदी घेत. ऋषभसाठी वीट, आदितीसाठी पैंजण, छल्ला, कमरपट्टा, एका वर्षी तर मोराची अत्तरदाणी. "काटा साक्षीला हाय," ते दुकानदाराला बजावत. काटा खरोखरच साक्षीला होता. फक्त काट्याला वजनापलीकडचं कुणी काही विचारत नाही.

२००२ साली ऋषभनं आपल्या विटा मोडल्या आणि राजारामपुरीत मोबाइलचं दुकान टाकलं. उद्घाटनाला बापूसोंनी भाषण ठोकलं. चांदीसारखी गुंतवणूक नाही. नड लागली की बाजारभावानं पैसा हातात! लोकांनी पेढा तोंडात असल्यामुळे मान डोलावली.

दोन वर्षांनी आदिती डी.फार्म. झाली. शिवाजी पेठेत तिला एक गाळा मिळत होता. मालक सोमवारपर्यंत थांबायला तयार होता, पुढं नाही.

"बाबा, माझी चांदी मोडूया. मी मेडिकल काढतो."

"लगीन झाल्यावर काढ की. नवऱ्याच्या गावात."

"मग ऋषभला का न्हाई म्हटला, बायकोच्या गावात मोबाइल विक म्हणून?"

बापूसोंनी टोपी चढवली आणि ते तिला घेऊन गुजरीत गेले.

घडणावळ घेतानाच गेली होती. आता दागिने वितळवले तसा जोडकामातला हलका धातूही हिशेबातून गेला, आणि आदितीच्या चांदीतला जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीसा झाला. गाळ्याच्या डिपॉझिटला उरलेलं पुरत नव्हतं. ऋषभच्या विटांना हा ताप झाला नव्हता.

"लुटलं!" बापूसो दारातनंच ओरडले. त्यांची थोरली बहीण अक्काताई माहेरपणाला आली होती. घराच्या पुढच्या सोप्यात बसून ती शेंगा फोडत होती.

"कुणी लुटलं?"

"त्या सोनारानं! दुसरं कोण?"

"त्यानं मागितल्यालं दिलं. मागायला कोण गेलतं?"

"अगं अक्का, वजन सारखंच घेतलं की मी!"

"आपल्या आप्पांनीबी सारखंच घेतलं हुतं. तुला विटा, मला कमरपट्टा. तुझ्या विटांचं पायपांचं दुकान झालं. माझा पट्टा सासूच्या कपाटात गेला. आज नणंदेच्या सुनेच्या कमरेला हाय. शोभतोय तिला, न्हाय म्हणत न्हाय मी."

"पण पोरीच्या जातीला दागिना..."

"ऐक जरा. पोराच्या हातात वीट दिली की लोक विचारत्यात, हिचं काय करणार? पोरीच्या हातात पैंजण दिलं की विचारत्यात, लगीन कवा? आता सांग, कुणाला काय दिलंस तू?"

आदिती पिशवीतली वितळलेली लगड बघत होती.

बापूसोंना उद्घाटनाचं भाषण आठवलं. त्यांना ते पाठ होतं, ही आणखी वाईट गोष्ट! ते उठले, आणि म्हातारपणासाठी ठेवलेली आपली वीट कपाटातून काढून त्यांनी पोरीपुढं धरली.

"घे. माझ्याकडनं भेट."

"भेट कसली?" अक्काताईनं शेंग फोडली. "तुझ्यामुळं तूट आली. भरपाई म्हण."

"भरपाई," बापूसो म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तोलून बोललेला हा पहिलाच शब्द असावा.

सोमवारी गाळ्याचा करार आदितीच्या नावावर झाला.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी काटा बरोबरच असतो. मापात पाप नसतं. पाप असतं ते पारड्यात काय टाकायचं हे ठरवण्यात. लेकीला दागिना जरूर घ्यावा, पण तो हौस म्हणून. ज्याला आपण भांडवल म्हणतो, ते तिच्याही हाती भांडवलासारखंच द्यावं.

पुढच्या पाडव्याला बापूसो पुन्हा गुजरीत गेले. ऋषभला नुकतीच मुलगी झाली होती.

"नातीला घुंगराचं वाळं दाखवू?" दुकानदारानं विचारलं. "नवीन डिझाइन आल्यात."

"वीट द्या," बापूसो म्हणाले. "डिझाइन तिचं ती ठरवंल."